जळगावहून मुंबईमार्गे परदेशी जाताना विमानतळावरच्या लाउंजचा खरा उपयोग किती?

तापीकाठ (अमळनेर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. येत्या मे महिन्यात मी आणि सौ. मुलाकडे टोरंटोला जात आहोत. मुंबईहून रात्री साडेदहाचे विमान आहे, दुबईला पाच तास थांबायचे आहे आणि तिथून पुढचा पल्ला लांबचा आहे. आमची खानदेश एक्स्प्रेस नंदुरबार, सुरत करीत पहाटेच मुंबई गाठते, त्यामुळे पहाटेपासून रात्रीपर्यंत सामानासह सोळा-सतरा तास काढायचे आहेत. त्या दिवशी सकाळी निघणारी गाडी धरावी, तर ती वाटेत कुठे रखडली की विमान हुकण्याची धास्ती, म्हणून रात्रीचा प्रवास ठरवला आहे.

मुलाचे म्हणणे असे की, "बाबा, विमानतळावर लाउंज असते. कार्ड दाखवले की दोन रुपयांत प्रवेश मिळतो, दिवसभर तिथेच बसा, तिथेच जेवा." त्याने इथे असताना घेतलेल्या क्रेडिट कार्डावर माझ्या नावाचे जोडकार्ड काढून दिले आहे. याशिवाय माझ्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचे रुपे प्लॅटिनम डेबिट कार्ड आहे. मी शिक्षकी पेशात उभा जन्म काढला असल्यामुळे कोणी 'फुकट' म्हटले की आधी बारीक अक्षरांतल्या अटी शोधतो, परंतु बँकेच्या संकेतस्थळावरच्या अटी वाचून मी अधिकच गोंधळलो आहे.

दिवसभर लाउंजमध्ये बसणे खरोखर शक्य आहे का? सौ.ना माझ्या कार्डावर आत घेतील का? त्या कांदा-लसूण खातात, पण मांसाहाराचा डावही त्यांना चालत नाही, तेव्हा विमानातल्या आणि लाउंजमधल्या जेवणाचे काय करावे? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास उपकृत होईन.

केळीबाग (जळगाव)

गुरुजी, नमस्कार. सर्वात महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, कारण चिरंजीवांनी नेमकी तीच सांगितलेली नाही. बहुतेक लाउंज सिक्युरिटी तपासणीच्या आत असतात, आणि परदेशी जाणाऱ्यांसाठीची तर इमिग्रेशनच्याही पलीकडे असतात. आपले विमान रात्री साडेदहाचे असेल, तर सामान घेणारा काउंटर साधारणपणे तीन-साडेतीन तास आधी उघडतो. बोर्डिंग पास हाती पडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रांगा वगळून हिशोब केला, तर लाउंजसाठी आपल्याकडे सोळा तास नव्हे, जेमतेम दीड-दोन तास उरतात. शिवाय अनेक लाउंज उड्डाणाच्या तीन तासांपेक्षा आधी प्रवेशच देत नाहीत, त्यामुळे घाई करूनही उपयोग नाही.

त्या सोळा तासांची सोय विमानतळावर न शोधता रेल्वेत शोधावी, असे माझे मत आहे. अमळनेरहून जळगावला यावे आणि रात्रीची अमरावती-मुंबई एक्स्प्रेस धरावी. ती सकाळी सीएसएमटीला पोहोचते. पीएनआर निश्चित असल्यास तिथली विश्रामकक्षाची खोली आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून काही तासांसाठीसुद्धा घेता येते, पण मे महिन्यात ती लवकर भरते, म्हणून तिकिटाबरोबरच ते काम उरकावे. खोली मिळाली नाही, तर त्याच स्थानकावर पैसे देऊन बसता येईल असे वातानुकूलित लाउंजही आहे. अंघोळ, दोन तास झोप आणि दुपारचे साधे जेवण झाले की वयस्कर माणसाला रात्रीचे विमान जड जात नाही.

आता कार्डांविषयी. लाउंजचा खर्च प्रवासी देत नाही, तो बँक देते. बँक एका मध्यस्थ कंपनीशी करार करते, ती कंपनी लाउंज चालवणाऱ्याला प्रत्येक प्रवाशामागे ठरलेली रक्कम देते, आणि दारात आपल्याकडून घेतले जाणारे रुपे किंवा व्हिसाचे दोन रुपये आणि मास्टरकार्डचे पंचवीस रुपये हे केवळ कार्ड चालू आहे का, हे तपासण्यापुरते असतात. गर्दी वाढली तसा बँकांवरचा हा भार वाढला आणि अटी कडक झाल्या. उदाहरणार्थ, आयसीआयसीआय बँकेने अनेक कार्डांवर १ एप्रिल २०२४ पासून मागील तिमाहीत ३५,००० रुपये खर्च झालेला असण्याची अट घातली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती ७५,००० रुपयांवर नेली. मध्यस्थांचेही स्थान डळमळीतच असते. ड्रीमफोक्स या मोठ्या मध्यस्थ कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये देशांतर्गत लाउंजची सेवा थांबवली. म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणाला प्रवेश मिळाला होता, या माहितीवर विसंबू नये.

आपला प्रवास मे महिन्यात आहे, म्हणजे अशी अट असल्यास जानेवारी ते मार्च या तिमाहीतला खर्च मोजला जाईल. एप्रिलमध्ये घाईने केलेली खरेदी त्यासाठी कामाची नाही. इंधन, घरभाडे किंवा वॉलेटमध्ये भरलेली रक्कम पुष्कळ बँका त्यात धरत नाहीत, हेही चिरंजीवांना तपासायला सांगावे.

यात मी स्वतः फसलो आहे. आईला घेऊन दिल्लीला निघालो होतो आणि लाउंजच्या दारात यंत्राने माझे कार्ड नाकारले. बँकेचे नाव घेत नाही, पण त्यांच्या ग्राहक सेवेवरील मुलीने शांतपणे सांगितले की, मागच्या तिमाहीत आपला खर्च ९०० रुपयांनी कमी पडला. आई मागे उभी राहून सगळे ऐकत होती. "याना पैसा लागतस का?" एवढेच तिने विचारले आणि पिशवीतून केळीच्या वेफर्सची पुडी काढून खुर्चीवर बसली. पुढच्या खेपेस प्रवेश मिळाला, तेव्हा तिने झाकण ठेवलेल्या भांड्यातले पोहे चमच्याने घेतले, एक घास खाल्ला आणि शेजारच्या वाट्यांमध्ये बराच वेळ ठेचा शोधला. तो अर्थातच नव्हता.

सातपुडा_पायथा (शहादा)

वरील बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे. तथापि गुरुजींच्या डेबिट कार्डाविषयी थोडे सांगणे आवश्यक वाटते. रुपे प्लॅटिनम डेबिट कार्डावरची सवलत सर्वसाधारणपणे देशांतर्गत लाउंजपुरती असते, आणि आपले उड्डाण आंतरराष्ट्रीय आहे. त्यामुळे मुंबईतल्या ज्या लाउंजमध्ये आपण जाणार, त्याचे नाव रुपेच्या यादीत आहे का, हे पाहिल्याशिवाय त्या कार्डाचा भरवसा धरू नये. केवळ लाउंजसाठी वार्षिक शुल्काचे नवे क्रेडिट कार्ड घेणे तर मला पूर्णतः अनावश्यक वाटते. दोन-तीन वर्षांतून एकदा परदेशी जाणाऱ्या माणसाला त्या शुल्कात चांगल्या उपाहारगृहातले दोघांचे जेवण सहज होते.

धुळेकर ताई (धुळे)

मी अनेक वर्षे तिकीट आरक्षणाचे काम केले आहे, त्यामुळे जेवणाच्या प्रश्नावर सविस्तर लिहिते.

गुरुजी, आपण ज्या लांब पल्ल्याच्या विमानाने जात आहात, त्यात दोन्ही टप्प्यांचे जेवण बहुधा तिकिटातच असते. फक्त ते आधी निवडावे लागते, आणि पुष्कळ विमान कंपन्यांकडे उड्डाणाच्या किमान चोवीस तास आधी. यात आपल्या लोकांची एक हमखास चूक होते. यादीत 'हिंदू मील' असे नाव दिसले की शाकाहारी माणूस तेच निवडतो. त्याचा संकेत एचएनएमएल असा आहे आणि ते मांसाहारी जेवण आहे. त्यात गोमांस नसते, एवढाच त्याचा अर्थ. भारतीय पद्धतीच्या शाकाहारी जेवणाचा संकेत एव्हीएमएल, आणि कंदमुळे वर्ज्य असलेल्या जैन जेवणाचा व्हीजेएमएल. नंदुरबारकडच्या एका आजींनी मुलीकडून 'हिंदू मील' नोंदवून घेतले होते, त्यांना कोंबडीचे ताट मिळाले आणि त्या दहा तास फळांवर राहिल्या. तेव्हा काकूंसाठी एव्हीएमएल निवडा आणि बोर्डिंग पास घेताना काउंटरवर ते नोंदले गेले आहे का, हे एकदा विचारा. दुबईत विमान बदलल्यावर पुढच्या टप्प्यासाठीही ती नोंद स्वतंत्रपणे तपासावी लागते, कारण पहिल्या टप्प्यावर ती असली म्हणून दुसऱ्यावर असेलच असे नाही. विशेष जेवण इतरांच्या आधी वाढले जाते, त्यामुळे काकूंचे ताट आले आणि आपले आले नाही, तर गोंधळून जाऊ नये.

लाउंजमध्ये मात्र संकेत चालत नाहीत. तिथे भांड्यांवर हिरवी-लाल खूण असते आणि दोन्हींचे डाव एकाच टेबलावर असू शकतात. वरणभात, दही, ब्रेड, फळे, चहा इतके मिळाले तरी शाकाहारी माणसाचे पोट भरते. खमंग काही मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. भरीत-पुरी खाल्लेल्या तोंडाला ते जेवण अळणीच लागणार.

कार्डाशी संबंध नसलेला एक हक्क फारच थोड्या लोकांना माहीत असतो. विमानाला उशीर झाला, तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार विमान कंपनीने काउंटरवर वेळेत आलेल्या प्रवाशांना मोफत जेवण किंवा अल्पोपाहार द्यावा लागतो. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणासाठी दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणासाठी तीन तास, आणि इतरांसाठी चार तास, अशी त्याची मर्यादा आहे. मुंबई-दुबई हे उड्डाण मधल्या गटात मोडते. कंपनीचा माणूस स्वतःहून कूपन घेऊन येईल याची वाट न पाहता गेटवर जाऊन मागावे. मागण्यात कमीपणा काहीच नाही.

देशांतर्गत प्रवास करणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक माहिती जोडते. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर 'उडान यात्री कॅफे' सुरू झाला, पुढच्या वर्षी चेन्नईलाही झाला. तिथे चहा दहा रुपयांना आणि समोसा वीस रुपयांना मिळतो. विमानतळावरच्या चहाचे दर वाचून ज्यांचा घसा कोरडा पडतो, त्यांनी अशा ठिकाणांकडे लक्ष ठेवावे.

तापीकाठ (अमळनेर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलाला आपली उत्तरे वाचून दाखवली. त्याने तपासून सांगितले की, त्याच्या कार्डाबरोबर प्रायॉरिटी पास (परदेशातल्या लाउंजमध्येही प्रवेश देणारा सदस्यत्वाचा पास) मिळाला आहे, पण तो मूळ कार्डधारकाच्या नावाने आहे. माझ्या जोडकार्डावर तो लागू नाही. म्हणजे दुबईत आम्हा दोघांनाही पैसे पडतील. अशा परिस्थितीत तिथे पाच तास नुसते बाकावर काढावेत का? दुसरे असे की, सौ.नी कळण्याच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याची बरणी बरोबर घेण्याचे ठरवले आहे. ते चालेल का?

केळीबाग (जळगाव)

गुरुजी, प्रायॉरिटी पासच्या बाबतीत आपण वेळेवर तपासले हे बरे झाले. त्यात पाहुणा आत नेला, तर दारात पैसे मागत नाहीत; रक्कम नंतर डॉलरमध्ये कार्डावर येते आणि त्यावर परकीय चलनाचे दोन ते साडेतीन टक्के वेगळे लागतात. पुष्कळांना ते बिल पाहिल्यावरच समजते.

दुबईच्या पाच तासांपैकी विमानातून उतरणे, पुन्हा तपासणी आणि गेटपर्यंत चालणे यात दीड तास जातो. उरलेल्या वेळात बसायला आणि पाय मोकळे करायला ते विमानतळ पुरेसे मोठे आहे, पिण्याचे पाणीही मिळते. काकूंना आडवे व्हायचे असेल तरच दोघांचे पैसे भरून लाउंज घ्यावे, असे मी म्हणेन. कोणतेही कार्ड तिथे वापरणार असाल, तर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांपासून नवे कार्ड केवळ भारतातल्या एटीएम आणि दुकानांतल्या यंत्रांसाठीच चालू असते. बाकीची सोय आपण स्वतः सुरू करावी लागते.

भाकरी आणि कोरडी चटणी यांना सहसा अडचण येत नाही, पण चटणीत तिखट असल्याने ती मोठ्या बॅगेत ठेवणे उत्तम. ठेच्याची बरणी मात्र हातातल्या पिशवीत अजिबात ठेवू नये. ओला पदार्थ द्रवासारखा धरला जातो आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणात १०० मिलीलिटरपेक्षा मोठी बरणी तपासणीत काढून घेतात. झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत गुंडाळून ती सामानाच्या बॅगेत घाला. टोरंटोला उतरल्यावर अर्जावर किंवा यंत्रावर 'खाद्यपदार्थ बरोबर आहेत का' असे विचारतात, तिथे 'होय' म्हणा. जाहीर केलेली वस्तू फार तर ठेवून घेतील. लपवलेल्या वस्तूला दंड होऊ शकतो.

भाकरी किती घेणार आहात, हे काकूंना विचारून कळवा. आमच्या आईने सहा घेतल्या होत्या आणि दिल्ली यायच्या आत त्या संपल्या होत्या.