कर्नलमधली फाइल अ‍ॅक्सेस तपासणी नव्याने लिहायचीय, सुरक्षाही हवी आणि वेगही

खोलडबा:
नमस्कार मंडळी, जरा मोठं आहे पण वाचा. आमच्याकडे लिनक्सवर एक जुनं कर्नल मॉड्यूल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात वरून जोडलेला कोड) चालतं, ज्याने लिहिलं तो आता टीममध्ये नाही. काम सोपं आहे, कुठल्या प्रोसेसने कुठल्या फाइली उघडायच्या नाहीत याची यादी असते, मॉड्यूल सिस्टिम कॉल टेबलमध्ये (प्रोग्रॅम कर्नलकडे जी कामं मागतात त्यांच्या फंक्शनचे पत्ते) ओपनच्या जागी स्वतःचं फंक्शन बसवतं, यूजरने दिलेला पाथ कॉपी करून यादीतल्या एकेका ओळीशी जुळवून बघतं आणि काही सापडलं नाही तर मूळ ओपनकडे पाठवतं. अख्ख्या यादीवर एकच म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप.

आता झालंय असं की मोठा पॅरलल बिल्ड लावला की सगळे सीपीयू त्या म्युटेक्सपाशी रांगेत उभे, पर्फमध्ये (वेळ कुठे जातो ते दाखवणारं टूल) स्पष्ट दिसतं. ते कमी म्हणून गेल्या आठवड्यात एकाने बंदी असलेल्या फाइलीची हार्ड लिंक (त्याच फाइलीला दुसरं नाव) केली आणि ती आरामात उघडली. आणि नवीन कर्नल टाकलेल्या टेस्ट मशीनवर तर मॉड्यूल लोड होतं, एकही एरर नाही, पण अडवत काहीच नाही!

माझा विचार असा की यादीचा हॅश टेबल करायचा, म्हणजे शोध लवकर होईल, आणि म्युटेक्सच्या जागी रीड-राइट लॉक टाकायचा, म्हणजे वाचणारे एकत्र आत जातील. एवढ्याने भागेल का, की मुळापासून लिहू?

तळमजला:
मुळापासून लिहा. हॅश टेबलने चुकीचं उत्तर फक्त लवकर मिळेल.

आधी नव्या कर्नलचं सांगतो कारण ते सगळ्यात धोकादायक आहे. एक्स८६ वर ६.९ पासून सिस्टिम कॉल टेबलमधून जातच नाहीत, स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा दोषाच्या एका प्रकारावर उपाय म्हणून तिथे सरळ स्विच आणलाय, टेबल उरलंय ते ट्रेसिंगपुरतं, आणि हा बदल जुन्या स्टेबल मालिकांतही गेलाय. म्हणजे तुमचं मॉड्यूल जिथे पत्ता बदलतंय तिकडे कोणी बघतच नाही. सुरक्षेची गोष्ट गुपचूप बंद पडणं हे मशीन क्रॅश होण्यापेक्षा वाईट, क्रॅश निदान कळतो तरी.

दुसरं, समजा टेबल चाललं असतं तरी तुम्ही पाथ यूजरच्या मेमरीतून एकदा वाचता आणि मूळ ओपन तोच परत वाचतं. मधल्या वेळात दुसऱ्या थ्रेडने ती अक्षरं बदलली की तपासली एक फाइल, उघडली दुसरी. आणि आयओ-यूरिंगमधून (कर्नलला कामं रांगेत टाकून देण्याची सोय) ५.६ पासून फाइल उघडता येते, तिथे ओपनचा सिस्टिम कॉल होतच नाही.

या सगळ्याचं मूळ एकच, तुम्ही नाव तपासताय. फाइल म्हणजे आयनोड, कर्नलकडची त्या फाइलीची खरी नोंद, नाव ही नुसती पाटी. एका आयनोडला हार्ड लिंकने दहा पाट्या लागतात, बाइंड माउंटने (तीच डिरेक्टरी दुसऱ्या जागीही दाखवणं) आणखी, वेगळ्या माउंट नेमस्पेसमध्ये (प्रोसेसला दिसणारी फाइलींची वेगळी मांडणी) तीच फाइल भलत्याच ठिकाणी दिसते. कर्नलने नाव सोडवून नेमका आयनोड हातात घेतला की मग विचारा, उघडू द्यायचं का. एलएसएमचा (कर्नलमधली सुरक्षा तपासण्या जोडायची अधिकृत चौकट) सिक्युरिटी_फाइल_ओपन हुक, म्हणजे तुमचा कोड बोलावला जातो ती जागा, बरोब्बर तिथे बसलाय, फाइल कुठल्याही वाटेने उघडा, आयओ-यूरिंगमधून सुद्धा, तो लागतोच.

फक्त एक लक्षात घ्या, २.६.२४ पासून एलएसएम मॉड्यूल म्हणून लोड करता येत नाही. एकतर स्वतःचा कर्नल बिल्ड करा नाहीतर बीपीएफ एलएसएम (बीपीएफ म्हणजे चालू कर्नलमध्ये तपासून घेतलेले छोटे प्रोग्रॅम टाकायची सोय) वापरा, ते ५.७ मध्ये म्हणजे २०२० ला आलं. पण बूटच्या एलएसएम यादीत बीपीएफचं नाव आहे का ते आधी बघा, नाहीतर परत तेच, लोड झालं आणि अडवत नाही.

शून्यलॉक:
तळमजल्यांशी सहमत, मी वेगाचं बोलतो, माझा जीव त्यात जास्त आहे.

रीड-राइट लॉकने फारसा फरक पडणार नाही. वाचणारे एकमेकांना थांबवत नाहीत हे खरं पण प्रत्येक वाचणारा त्या लॉकमधला काउंटर बदलतो, म्हणजे ती एक कॅशे लाइन (सीपीयूजवळच्या वेगवान मेमरीचा तुकडा) सगळ्या सीपीयूंमध्ये सतत इकडून तिकडे जात राहते, आणि ओपन तर बिल्डमध्ये अखंड चालू असतं. वाचताना शेअर्ड मेमरीत काहीच लिहायचं नाही हा नियम धरा. पॉलिसी, म्हणजे तुमची बंदीची यादी, आरसीयूखाली (वाचणाऱ्याला लॉक न लागणारी कर्नलची पद्धत) ठेवा, बदलायची वेळ आली की नवीन प्रत बनवून पॉइंटर फिरवा, जुनी प्रत ग्रेस पीरियड झाल्यावर, म्हणजे ती वाचणारे सगळे बाहेर पडल्यावर सोडा. पॉलिसी दिवसातून एखाद्या वेळी बदलते ना, मग तो खर्च तिकडेच पडू दे.

आता खरी मजा. आयनोडला धरून तपासायला लागलात की उत्तर आयनोडपाशीच लिहून ठेवता येतं. एलएसएमला आयनोडमध्ये स्वतःची थोडी जागा मिळते, बीपीएफमध्ये ५.१० पासून आयनोड स्टोरेज आहे. तिथे लेबल, म्हणजे फाइल कुठल्या गटातली ते सांगणारी खूण ठेवा, सोबत ते कुठल्या पॉलिसीच्या आकड्यावर काढलं तो आकडा, पॉलिसी बदलली की मुख्य आकडा एकने वाढवा. तपासताना दोन आकडे जुळले की झालं, नाही जुळले तरच सगळं परत काढायचं. एसईलिनक्स (लेबलांवर चालणारं एलएसएम) रीड-राइटच्या वेळी असंच करतं, ओपननंतर प्रोसेसचं लेबल, फाइलचं लेबल आणि पॉलिसीचा आकडा यातलं काही बदललं नसेल तर तिथूनच परत फिरतं. पाथवर हे जमत नाही, पाथ बनवायला एकेक पॅरेंट चढत वर जावं लागतं आणि मध्येच कोणी रिनेम केलं तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे हार्ड लिंकचं भोक बुजवणारा बदल आणि वेग देणारा बदल एकच आहे.

आयनोड_परमिशन हुकला मात्र जपून हात लावा. तो पाथमधल्या प्रत्येक डिरेक्टरीला लागतो आणि २.६.३८ पासून बहुतेक वेळा आरसीयू-वॉकमध्ये (लॉक न घेता पाथ सोडवणं), तिथे झोपायची, म्हणजे कशाची वाट बघत थांबायची परवानगी नाही. थांबावं लागेल असं काही असेल तर ई-चाइल्ड हा एरर कोड परत द्यायचा, मग कर्नल तीच चाल रेफरन्स धरून पुन्हा करतो. तुमचं काम फाइल_ओपनवर भागत असेल तर इकडे येऊच नका.

उलटतपासणी:
दोघांचं बरोबर आहे पण एक गोष्ट राहिली आणि ती प्रोडक्शनमध्ये चावते. बरेच एडिटर आणि पासवर्ड बदलणारी टूल्स जुन्या फाइलीत लिहीत नाहीत, शेजारी नवीन फाइल बनवतात आणि रिनेमने तिला जुन्या जागी आणतात. नाव तेच, आयनोड नवा, तुमचं लेबल गेलं. अ‍ॅपआर्मर (दुसरं एक एलएसएम) पाथवर चालतं त्यामागे असलीच कारणं आहेत, ते अडाणीपणाने केलेलं नाही. त्यामुळे लेबल डिरेक्टरीलाही द्या, आत नवीन फाइल बनली की तिने ते उचलावं, आणि रिनेमचा हुक लावून बाहेरून आत येणाऱ्या फाइलीकडे बघा. शिवाय आयनोड मेमरीतून गेला की ते स्टोरेजही जातं, म्हणून मूळ लेबल डिस्कवर, फाइलीसोबत साठणाऱ्या जादा माहितीत म्हणजे एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असायला हवं.

आणखी एक, पॉलिसी बदलल्यावर आधीच उघडी असलेली फाइल आणि एम-मॅप केलेली (फाइल थेट प्रोसेसच्या मेमरीत जोडलेली) पानं यांचं काय? एम-मॅप झाल्यावर मेमरी वाचताना कुठलाच हुक लागत नाही. "बदलली की लगेच बंद" असं कोणाला कबूल करू नका.

आणि खरं सांगू का, प्रोसेस तुमच्याच असतील तर आधी लँडलॉक बघा, ५.१३ पासून आहे. प्रोसेस स्वतःला मर्यादा घालून घेते, तिच्या पोरांनाही त्या लागू होतात, काढता येत नाहीत, रूट लागत नाही. न लिहिलेल्या कर्नल कोडमध्ये बग नसतात.

खोलडबा:
खूप खूप आभार, डोक्यातला गुंता बराच सुटला. बिल्ड चालवणाऱ्या प्रोसेस आमच्याच लाँचरमधून सुरू होतात, त्यामुळे तिथे लँडलॉक आजच लावून बघतो, बाकीच्या मशीनवर बाहेरची सॉफ्टवेअर्स असतात तिथे बीपीएफ एलएसएम, फाइल_ओपन आणि रिनेम एवढेच हुक. जुनं मॉड्यूल नवीन कर्नलवर लोडच होऊ नये अशी सोय आत्ता करून आलो.

एक शंका राहिली. लेबल वाचता आलं नाही, म्हणजे डिस्कवर एररच आला, तर अडवू की जाऊ देऊ?

तळमजला:
अडवा आणि लॉगमध्ये ओरडून सांगा. फक्त बूटला लागणाऱ्या फाइली यादीत नाहीत याची खात्री करा, नाहीतर एक खराब सेक्टर आणि मशीन वर येणारच नाही. टेस्ट कर्नलमध्ये लॉकडेप (लॉकच्या चुका पकडतं) आणि केएसॅन (KASAN, मेमरीच्या चुका पकडतं) चालू ठेवा, आणि वेग मोजताना तुमचाच बिल्ड हुक लावून एकदा, न लावता एकदा. हार्ड लिंकची ती टेस्ट कायमची ठेवा, आणि मशीन बूट झालं की दर वेळी आधी तीच चालवा.