आत्याला डोळे, त्वचा, किडनी सगळं दान करायचंय, वय ७८. खरंच पेशंटला उपयोग होतो का?

मेधा_डोंबिवली

नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, आज विचारायला आले. माझी आत्या आमच्याकडेच असते, वय ७८, डायबिटीस आहे, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत, बाकी ठणठणीत. ज्येष्ठ नागरिक संघात कुणाचं तरी भाषण ऐकून आली आणि तेव्हापासून धोशा लावलाय की मी गेल्यावर डोळे, कातडी, किडनी जे काय घेतील ते द्या आणि उरलेलं मेडिकल कॉलेजला. फॉर्मही आणून ठेवलेत, साक्षीदार म्हणून माझी सही पाहिजे म्हणते. बाबा म्हणतात या वयात कोण घेणार, उगाच आपलं काहीतरी. कातडी म्हटल्यावर आईने तर कानावर हातच ठेवले.

मला सही करायला काहीच हरकत नाही, पण हे सगळं नुसतं आत्याच्या समाधानासाठी की समोरच्या पेशंटला खरंच काही फरक पडतो? आणि फॉर्म भरला म्हणजे झालं का? कुणाला प्रत्यक्ष अनुभव असेल तर सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड नकोत, ते घरी भरपूर आहेत.

वर्षा_सिस्टर

मेधा, मी बर्न्स वॉर्डला बरीच वर्षं काढलीत त्यामुळे त्वचेचं तेवढं सांगते, बाकीचं इतर लोक सांगतील.

माणूस ४०-५० टक्के भाजला की मुख्य धोका म्हणजे अंगावर झाकण राहत नाही. पाणी आणि प्रोटीन झिरपत राहतं, जंतू आत शिरतात, आणि ड्रेसिंग बदलताना जे होतं ते मी इथे लिहीत नाही. यावर कायमचा उपाय म्हणजे त्याचीच चांगली त्वचा काढून लावायची, पण निम्मं अंग भाजलेल्याकडे द्यायला उरतं काय, एखादी मांडी नाहीतर पाठीचा थोडा भाग. तिथली काढली की ती जागा भरायला दोनेक आठवडे जातात, मग पुन्हा तिथूनच काढायची. ह्या मधल्या काळात पेशंट जगला पाहिजे ना, तिथे दान केलेली त्वचा लागते.

ती ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली येते, पांढरट आणि कडक दिसते, सलाईनमध्ये नीट धुतली की मऊ पडते, मग जाळी पाडून जखमेवर पसरतात आणि स्टेपल करतात. ती कायमची चिकटत नाही हं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दोन-तीन आठवड्यांनी शरीर ती टाकून देतं, पण तोवर झिरपणं थांबतं, इन्फेक्शन आटोक्यात येतं आणि दुखणं इतकं कमी होतं की काल ड्रेसिंगची ट्रॉली दिसली तरी रडणारी बाई आज दोन घास जेवते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. रक्तगट जुळवायची भानगड नाही, कुणाचीही कुणालाही चालते. आणि ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली तर पाच वर्षांपर्यंत टिकते, म्हणजे आत्यांची त्वचा कामी येईल तेव्हा आपण सगळे विसरलेलो असू.

वयाचं म्हणशील तर १८ च्या पुढे कुणीही, वरची मर्यादा नाही. डायबिटीस, बीपी चालतं. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, सेप्सिस (रक्तात पसरलेलं इन्फेक्शन), त्वचेचा कॅन्सर असेल तर घेत नाहीत, त्यासाठी रक्ताचा नमुनाही नेतात.

आईंना सांग, कातडी सोलत वगैरे नाहीत!! त्वचेच्या जाडीचा अगदी वरचा पातळ थर, साधारण आठवा हिस्सा, तोही फक्त पाठ आणि दोन्ही पायांवरून, डर्माटोम नावाच्या यंत्राने. चेहरा, छाती, हात यांना हात लावत नाहीत. रक्तस्राव होत नाही, बँडेज बांधून देतात, साडी नेसवल्यावर कुणाला कळतही नाही. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हायला हवं, टीम घरी येते, पाऊण तासात आवरतं. तुमच्या बाजूला ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर आहे, मुंबईत सायन हॉस्पिटलची स्किन बँक आहे.

उसाचा_रस

डोळ्याचं मी सांगतो. आमच्या चुलत्यांना ऊस तोडताना पात लागली डोळ्याला, शिरोळ तालुक्यातला माणूस, कुठं लगेच डॉक्टरकडं जातोय, दुकानातून कसलेतरी थेंब आणून घातले. त्यात स्टेरॉईड होतं आणि आत बुरशी वाढत होती, म्हणजे आगीत तेलच. आठ दिवसात बुबुळ पांढरंफटक. औषधं झाली पण थांबेना, डॉक्टर म्हणाले आता पारदर्शक पडदा बदलायचा नाहीतर डोळा जातोय.

तिथं मला कळलं की अख्खा डोळा कुणी बसवत नाही, फक्त कॉर्निया, म्हणजे पुढचा काचेसारखा भाग. म्हणून दान करणाऱ्याला चष्मा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असो, काही फरक पडत नाही. आयबँकेत मायक्रोस्कोपखाली आतल्या थराच्या पेशी मोजतात, म्हाताऱ्या माणसाच्या कमी भरल्या तर तो कॉर्निया नजरेसाठी न वापरता आमच्या चुलत्यांसारख्या सडत चाललेल्या डोळ्याला वाचवायला वापरतात. त्यांना लावला तो असाच कुणातरी वयस्कर माणसाचा असावा असं डॉक्टर बोलण्याच्या ओघात म्हणाले, नाव कळत नाही आणि कळूही नये. डोळा वाचला. नजर पहिल्यासारखी नाही, केसाहून बारीक टाके वर्षभर होते, पण बांधावरनं एकटे चालतात आणि शेजाऱ्याशी भांडायला पुन्हा मोकळे झालेत.

उलट पेशी चांगल्या असतील तर एकाच कॉर्नियाचे थर वेगळे करून दोन माणसांना लावता येतात. तेव्हा बाबांना म्हणावं वयाचा हिशोब तुम्ही नका करू, आयबँकवाले करतील.

खडूस_काका

सगळं गोड गोड चाललंय. किडनी-लिव्हर शेवटी जातात कुणाला? ज्याच्याकडे बिल भरायला लाखो रुपये आहेत त्याला. गरिबाने दान करायचं आणि श्रीमंताने जगायचं. आणि व्हेंटिलेटरवरच्या माणसाला उगाच "ब्रेन डेड" म्हणून मोकळे होत नसतील कशावरून?

अभय_ठाणे

काका, पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी अर्धा सहमत आहे. बायकोचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, मृत दात्याकडून, खर्चाने आमचं कंबरडं मोडलंय, त्यामुळे पैसा लागत नाही असं मी म्हणणार नाही. पण नंबर पैशाने लागत नाही. यादी झेडटीसीसीकडे, म्हणजे अवयव वाटपाच्या विभागीय समितीकडे असते, मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर असे विभाग आहेत, रक्तगट बघतात आणि डायलिसिसवर किती काळ आहात वगैरेवर गुण मिळतात. आम्ही कितीतरी दिवाळ्या त्या यादीत काढल्या. अवयव विकला किंवा विकत घेतला तर पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाख ते १ कोटी दंड आहे.

ब्रेन डेडचं, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडल्याचं म्हणाल तर १९९४ च्या कायद्यात सगळं घालून दिलंय. चार डॉक्टरांचं पॅनेल, त्यात ट्रान्सप्लांट करणाऱ्या टीमचा कुणी नसतो, तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास. त्यातली एक म्हणजे व्हेंटिलेटर काढून बघतात की कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर तरी माणूस स्वतः श्वास घेतो का. कोमातला माणूस घेऊ शकतो, ब्रेन डेड घेत नाही. दोन्हीत लोकांची गल्लत होते.

आणि मेधाताई, तुमच्या आत्यांसाठी हे महत्त्वाचं: किडनी, लिव्हर, हृदय हे घरी गेलेल्या माणसाचं घेता येत नाही. हृदय थांबलं, रक्तपुरवठा थांबला की ते अवयव लगेच खराब व्हायला लागतात. म्हणून ते जवळजवळ नेहमी आयसीयूत, ब्रेन डेड जाहीर झाल्यावरच. घरी मृत्यू झाला तर डोळे आणि त्वचा. हे भाषणात कुणी नीट सांगत नाही आणि लोकांना वाटतं आपलं सगळं जाणार.

फरक पडतो का विचारलंत. डायलिसिसवर बायकोला दिवसभरात चहा-आमटी धरून लिटरभर पाणी, उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळायची, नारळपाणी बंद, भाज्या उकळून पाणी फेकून द्यायचं, आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला. ट्रान्सप्लांटनंतर नवी किडनी पहिले काही दिवस झोपलेलीच होती, मृत दात्याच्या बाबतीत असं होतं म्हणे, त्यामुळे डायलिसिस चालूच. मग एका पहाटे सिस्टरने येऊन सांगितलं की पिशवीत दोनशे एमएल लघवी आलीये. लघवी झाली म्हणून पेढे वाटणारं आमचंच घर असेल. आता जन्मभर गोळ्या आहेत, वेळ चुकवायची नाही, बाहेरची पाणीपुरी बंद, पण नोकरीवर जाते.

वर्षा_सिस्टर

अभयदादा 🙏 काका, गरीब-श्रीमंताचं म्हणालात म्हणून लिहिते. भाजलेली माणसं कोण असतात ते एकदा वॉर्डात येऊन बघा. स्टोव्ह, उकळतं तेल, कारखान्यातला बॉयलर, आणि हो, जाळलेल्या सुना. डोळ्याला पात लागते तीही बागायतदाराच्या नाही, तोडणी मजुराच्या. त्यामुळे किडनी-लिव्हरचं काय व्हायचं ते होवो, आत्या जे देऊ शकतात ते बहुतेक करून साध्याच माणसाकडे जातं.

खडूस_काका

बरं, हा मुद्दा मान्य. बिलाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

मेधा_डोंबिवली

सगळ्यांचे खूप आभार. आईला वर्षाताईंचा रिप्लाय वाचून दाखवला, "चेहऱ्याला हात लावत नाहीत ना" एवढंच दोनदा विचारलं, म्हणजे निम्मं काम झालं. बाबा अजून गप्प आहेत. प्रत्यक्ष वेळ आली तर करायचं काय नक्की? आणि मेडिकल कॉलेजला देहदान पण होईल का त्यानंतर?

वर्षा_सिस्टर

नेत्रदानानंतर देहदान चालतं, पण त्वचादान झालेला देह कॉलेज घेतं का ते तुमच्या जवळच्या कॉलेजच्या अ‍ॅनाटॉमी विभागात आत्ताच विचारून ठेवा. पोस्टमॉर्टेम झालेला देह मात्र घेत नाहीत.

फॉर्मवर सही खुशाल कर, पण खरी मदार त्या वेळी घरात असलेल्यांवर असते. आत्यांनी शंभर फॉर्म भरले आणि बाबा नाही म्हणाले तर टीम परत जाते. म्हणून आत्यांनाच बाबांशी बोलू दे, तुझ्यामार्फत नको. आयबँक आणि स्किन बँकेचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.

वेळ आली की पहिला फोन फॅमिली डॉक्टरला, कारण मृत्यूचा दाखला हातात असल्याशिवाय टीम काही करू शकत नाही आणि रात्रीच्या वेळी सगळं अडतं ते इथेच. दुसरा फोन बँकेला, लगेच, नातेवाईक जमायची वाट बघू नका. टीम येईपर्यंत पंखा बंद (एसी चालेल), पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली उशी. तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेव की रात्री-अपरात्री घरी येऊन दाखला देतील का, नसतील येत तर दुसरे कोण येतील ते शोधून ठेव.