आजोळ ग्रुप : या महिन्यात काय वाचलं?

केदार: मंडळी, पहिला रविवार. वाचलेलं टाका. माझं 'रारंग ढांग' दोन रात्रींत संपलं. हिमालयातल्या उभ्या कड्यात रस्ता काढणारी माणसं आणि शेवटी त्या विश्वनाथचं कोर्टमार्शल. आमच्या साइटवरच्या साहेबांना एक प्रत भेट द्यावीशी वाटतेय.

मामी: मी 'आहे मनोहर तरी' परत काढलंय. १९९० साली आलं तेव्हा आम्ही बायका नंबर लावून वाचायचो. घरातलं कशाला चव्हाट्यावर, म्हणून तेव्हा राग आला होता. आता सुनीताबाईंचंच पटतं. विशू, तू गप्प का?

विशू: लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' अर्धंच राहिलंय, आईची प्रत. त्याचंच सांगायचंय, पण लांबण लागेल.

मंजूताई: लागू दे. माझी भाजी निवडून झालीय.

विशू: खालच्या मजल्यावरची माझी मैत्रीण तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात गुहागरला गेलो तेव्हा कुंड्यांना पाणी घालायला तिला किल्ली दिली. आल्यावर मागायचा संकोच वाटला. मग ती कधी आमच्या फ्रिजमध्ये इडलीचं पीठ ठेवून जायची, कधी मिक्सर घेऊन जायची. मागच्या महिन्यात मी ऑफिसात असताना तिने माझं पुस्तकांचं कपाट 'लावून' दिलं. उंचीप्रमाणे! तेही गिळलं मी. त्यातून 'स्मृतिचित्रे' घेऊन गेली. काल परत केलं, वर छान खाकी कव्हर घालून. म्हणाली, "तुझ्या आईने पेन्सिलीने काय गिरगटून ठेवलं होतं गं! सगळं खोडून दिलं. दोन दुपारी गेल्या माझ्या."

मंजूताई: काय??

मंजूताई: आईचं अक्षर?

विशू: समासातलं सगळं. पुस्तक झटकलं की अजून खोडरबराचा चुरा पडतो.

मावशी: वाईट झालं गं. पण तिच्या मनात काही वाईट नव्हतं. दुसऱ्यासाठी दोन दुपारी कोण बसतं? जिवाभावाची माणसं अशीच हक्काने वागतात. आमच्या चाळीत दिवसा दार लावायची पद्धतच नव्हती.

विशू: मावशी, दार उघडं असायचं तेव्हा तू आत असायचीस.

मामी: आणि रबर फिरवताना डोळे मिटून थोडीच बसली असेल? वाचलंच असणार.

विशू: वाचलंय. बुधवारी भिशीत पाच जणींसमोर मला विचारलं, "तुझ्या आईबाबांचं फारसं जमायचं नाही का गं?" हे कुठून आलं मला कळेना. काल कळलं.

मंजूताई: आजच्या आज किल्ली काढून घे.

विशू: घेतली. कुलूप बदलायचंय असं खोटं सांगून. तर म्हणाली, "नवीन किल्ली कधी देतेस?"

केदार: धन्य आहे!

मावशी: पण गणपतीला गावी जाल तेव्हा कुंड्यांचं काय?

मंजूताई: वाळू देत.

मामी: तिला स्पष्ट सांगितलंस का, की हे चालणार नाही म्हणून?

विशू: नाही ना. लाज त्याचीच वाटतेय. 'स्मृतिचित्रे'त बघ, लक्ष्मीबाईंचे यजमान टिळक घरातली वस्तू कुणालाही देऊन टाकायचे, न सांगता निघून जायचे. १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेही लक्ष्मीबाईंच्या मनाविरुद्ध. पण नवरा त्या वाटेने गेला म्हणून ही बाई फरफटत मागे गेली नाही. काही वर्षं वेगळी राहिली, स्वतःला पटलं तेव्हाच तिने बाप्तिस्मा घेतला. मी नेमकी तिथपर्यंत वाचलंय, आणि माझ्या तोंडून साधं "विचारल्याशिवाय नेऊ नकोस" निघत नाही.

केदार: विशूताई, आत्या पेन्सिल दाबून लिहायची का? मग वळ राहिले असतील. खोलीत अंधार कर आणि मोबाइलचा टॉर्च पानाच्या कडेला आडवा धर. वरून नको.

विशू: थांब, बघते.

विशू: दिसतंय!! सगळं नाही, पण दिसतंय. टिळकांनी घरातलं काहीतरी देऊन टाकलं त्या पानावर आईने लिहिलंय, "अगदी आमचे हेच."

मंजूताई: बाबा 😂

विशू: खाली बारीक अक्षरात आणखी आहे. "सुमनची छत्री."

मावशी: अगं, माझी छत्री! निळी, लाकडी मुठीची. बाळंतपणाला आले होते तेव्हा तुमच्याकडे राहिली. ताई शेवटपर्यंत म्हणाली की हरवली.

विशू: पुढे "पोस्टमन" असं काहीतरी लागतंय.

मावशी: दिली असणार भावोजींनी, तो भिजतोय बघून. आणि मी पुढचे दोन पावसाळे जुन्या मोडक्या छत्रीत काढले.

मावशी: विशू, त्या बयेला नवीन किल्ली देऊ नकोस.