सीमेवरची ट्रकांची रांग: आधी माहिती जोडायची की आधी खिडक्या उघडायच्या?

वाटसरू:
माझं मत सरळ आहे. सीमानाक्यावर रांग लागते ती दोन्हीकडच्या यंत्रणा एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून. माल तोच, कागद तेच, पण या काठावर एकदा नोंदवायचे आणि त्या काठावर पुन्हा. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या पीस ब्रिजवर ब्लूटूथ उपकरणं गाडीतल्या फोनची खूण टिपतात. नाका ओलांडल्यावर दुसरं उपकरण तीच खूण टिपतं, आणि मधला वेळ म्हणजे खोळंब्याचा वेळ. हे सगळीकडे का नको?

तिसरी_मार्गिका:
नको कोण म्हणतंय? पण त्याने रांग कशी हटते ते सांगा. दुसऱ्या उपकरणाला खूण मिळते तेव्हा ती गाडी सुटलेली असते. म्हणजे रांग वाढत असताना खोळंब्याचा वेळ दाखवणाऱ्या फलकावर ४० मिनिटं दिसली, तरी ती आत्ताच सुटलेल्याची. शेवटी येऊन उभा राहिलेला दोन तास अडकणार. शिवाय तपासणीच्या आठातल्या तीनच खिडक्या उघड्या असतील, तर आपण किती अडकलोय एवढंच ट्रकवाल्याला नेमकं कळणार!

वाटसरू:
अहो, खिडकी कधी उघडायची हे ठरवायलाच तर माहिती हवी. पलीकडून किती ट्रक निघालेत हे तासभर आधी कळलं तर माणसं नेमता येतात.

तिसरी_मार्गिका:
माणसं असली तर.

मालधक्का:
मी वाहतुकीच्या धंद्यातला, म्हणून एक वेगळीच अडचण मांडतो. मेक्सिकोतून लारेडोमार्गे अमेरिकेत जाणारा बराचसा माल तीन वेगवेगळे ट्रॅक्टर (शेतातले नव्हे, ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) ओढतात: एक सीमेपर्यंत, दुसरा फक्त सीमेवरच्या पुलावरून पलीकडे, तिसरा पुढे. ट्रेलर तोच. आता जीपीएस ट्रॅक्टरवर असेल तर ट्रॅक्टर बदलतात त्या यार्डातच मालाची वाट हरवते. दोन देशांचं सोडा, इथे तीन वाहतूकदारांची माहिती जुळत नाही. आणि गिऱ्हाईक कोण, हे दुसऱ्या वाहतूकदाराला कळू द्यायला कुणी राजी नसतो. मी पण नाही.

नकाशावेडी:
झांबिया-झिंबाब्वे सीमेवरचं चिरुंडू बघा. डिसेंबर २००९ पासून तिथे गाडीने दोनदा थांबायची गरज नाही. ज्या देशात शिरायचं तिथेच दोन्ही देशांचे अधिकारी बसतात. त्यासाठी आधी कायदा करावा लागला, कारण परक्या भूमीवर आपल्या अधिकाऱ्याचा शिक्का एरवी चालत नाही. सेन्सर कितीही लावा, हा अधिकार त्यातून येत नाही. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २०१७ पासून लागू आहे. त्याच्या आठव्या कलमात शेजारी देशांनी नाक्यांचे कामाचे दिवस आणि तास जुळवावेत असं लिहिलंय. इतकी साधी गोष्ट करारात लिहावी लागली!

वाटसरू:
फलकाबद्दलचा मुद्दा मान्य. पण तास जुळवायचे तरी एकमेकांना कळवावं लागेलच ना? ती माहितीची देवाणघेवाणच झाली.

तिसरी_मार्गिका:
तेवढ्याला फोन पुरतो हो. उचलला तर.