गमतीचं लायसन्स लिहावं का?

खराडीकर
गेल्या महिन्यात परदेशी क्लायंटला कोड सोपवण्याआधी आमच्याकडे लायसन्सची, म्हणजे दुसऱ्यांचा कोड वापरायच्या परवानग्यांची, तपासणी झाली. मराठी तारखा आणि आकडे छापणारी एक छोटी लायब्ररी (आयता वापरता येणारा कोड) आम्ही दोन वर्षं वापरत होतो, इथल्याच विद्यार्थ्यांनी लिहिलेली. तिचं लायसन्स एका ओळीचं: ‘बिनधास्त वापरा, पुण्यात भेटलात तर अमृततुल्यवर चहा पाजा.’ आम्ही हसलो. क्लायंटच्या वकिलांनी ती काढायला लावली आणि दोन आठवडे आम्ही तेच काम नव्याने लिहीत बसलो. बिनधास्त म्हणजे कोड बदलायचा का? विकायच्या मालात घालायचा का? चहा नाही पाजला तर परवानगी जाते का? माझं मत स्पष्ट आहे: विनोद कोडमधल्या कॉमेंटमध्ये करा, लायसन्समध्ये नको.

पेठेतला प्रोग्रॅमर
अजिबात पटलं नाही. पॉल-हेनिंग काम्प या प्रोग्रॅमरनी १९९४ मध्ये पासवर्ड सुरक्षित ठेवायचा कोड लिहिला, त्यावरही असंच लायसन्स होतं: कधी भेटलो आणि काम आवडलं तर बिअर पाजा. तो कोड फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये गेला, ती पद्धत पुढे लिनक्सवर वर्षानुवर्षं चालली. कुणाचं काय बिघडलं? तुमचे दोन आठवडे गेले म्हणता, त्या पोरांनी फुकट घालवलेल्या रात्रींचं काय? एक ई-मेल टाकून विचारायचं होतं.

खराडीकर
टाकली होती. पत्ता कॉलेजचा, पोरं पास होऊन गेली, ई-मेल परत आली. म्हणून तर म्हणतो, लिहिणारा सापडला नाही तरी लायसन्स स्वतःच्या पायावर उभं राहिलं पाहिजे.

कर्वेनगर
चहा-बिअरची मला भीती वाटत नाही, सदिच्छेची वाटते. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसनच्या (माहिती लिहायच्या एका साच्याच्या) कोडच्या लायसन्समध्ये एकच वाक्य जादा घातलं: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. वाक्य कुणालाही आवडेल. पण चांगलं-वाईट ठरवणार कोण? ओपन सोर्सच्या, म्हणजे सगळ्यांना खुल्या कोडच्या, व्याख्येत सहावा मुद्दाच असा आहे की कुठल्या कामासाठी वापर करायचा यावर बंधन घालता येत नाही. त्या एका वाक्यापायी डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीने पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतला जेसनचा कोड बदलून घेतला, आणि ओपन सोर्स प्रकल्प चालवणाऱ्या अपाची फाउंडेशनने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांना ते लायसन्स वर्ज्य केलं. इतक्या लोकांनी चालता कोड पुन्हा लिहिला, त्यात जगातला वाईटपणा तसूभर कमी झाला नाही.

पेठेतला प्रोग्रॅमर
हे मान्य. बंधन घालणारं वाक्य वेगळं, चहाची विनंती वेगळी. पण दोघांना एकाच तागडीत तोलू नका.

शिवाजीनगर कोर्ट
वकिली करतो, म्हणून आपल्या कायद्याचं सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ आणि ३०अ. लायसन्समध्ये मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे चहावाली ओळ परदेशी क्लायंटला आपल्या कायद्याने पुरत नाही, वकिलांनी उगाच अडवलं नाही. पण खराडीकर, एमआयटी या सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायसन्समध्येही मुदतीचा शब्द नाही, तुमच्या कोडमध्ये ते जागोजागी असेल! अपाची २.० या दुसऱ्या तयार लायसन्समध्ये ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ दोन्ही लिहिलंय. शिवाय ‘जसं आहे तसं, हमी नाही’ हे वाक्य चहाच्या ओळीत नाही. उद्या कुणाच्या बिलावर तारीख चुकली आणि नुकसान झालं, तर बोट त्या पोरांकडेच दाखवलं जाईल.

खराडीकर
एमआयटीचं खरंच माहीत नव्हतं. उद्या आमच्या लीगलला विचारतो.

चहावाल्यांपैकी एक
नमस्कार, ती लायब्ररी आम्ही तिघांनी लिहिली. हमीचा विचार तेव्हा मनात आलाच नव्हता. सेकंड इयरला होतो, कोणी वापरेल असंही वाटलं नव्हतं. काल रात्री अपाची २.० घालायचं ठरवलं, चहाची ओळ रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलीत) ठेवणार आहोत, ती काढणार नाही. पण लायसन्स बदलायला तिघांची संमती लागते. दोघांची आहे, तिसरा परदेशी गेलाय, दोन मेसेजना उत्तर नाही. त्याने अधिक महिन्याचा हिशोब लिहिला होता. उत्तर आलं नाही तर तेवढा भाग आम्ही दोघं नव्याने लिहू. खराडीकर, तुम्ही तो भाग लिहिलाच आहे, तर कंपनीला विचारून आम्हाला देता येईल का?