अंगणवाडीत चित्रपुस्तकातून कविता कशी घ्यावी?

प्रश्न (अंगणवाडी ताई, यवतमाळ जिल्हा):
3 ते 6 वयाची 22 मुलं आहेत. पाचसहा जणांच्या घरी कोलामी बोलतात. कवितांची चित्रपुस्तकं चार, तीही वहीपेक्षा लहान. वाचायला घेतलं की पुढची मुलं पुस्तकावर पडतात आणि मागची उठून जातात. चित्रातल्या वस्तूंची नावं सगळे सांगतात, पण कवितेची ओळ कोणाच्या तोंडात बसत नाही. काय चुकतंय? मोठं पुस्तक हाताने करता येईल का?

उत्तर 1 (जि. प. शाळा, पहिलीचा वर्ग):
ताई, "हे काय? रंग कोणता?" असं पानापानावर विचारलं की ताल तुटतो. मुलांच्या हाती फक्त नावांची यादी राहते. म्हणून चित्रावरच्या गप्पा आधीच उरकून घ्या. पहिल्या दिवशी नुसती चित्रं, मुलांना हवं ते बोलू द्या. दुसऱ्या दिवशी पानं उलटत कविता सलग दोनदा म्हणा, मध्ये वेगळा शब्द नको. तिसऱ्या दिवशी टाळी. चौथ्या दिवशी ओळीचा शेवटचा शब्द तुम्ही गाळा, मुलं भरतील. एक कविता आठवडाभर चालवा. रोज नवी घेतली तर एकही टिकत नाही.

टाळीसाठी ही चार ओळींची घ्या, तुमच्याच कामाला येईल म्हणून आत्ता जुळवली:

बंडी निघते खडखड खडखड,
चाकं करती करकर करकर;
धुऱ्यावरी तो बसला बगळा,
उडून जाई भुरभुर भुरभुर!

(बंडी म्हणजे बैलगाडी, धुरा म्हणजे शेताचा बांध.) दर ओळीला चार टाळ्या. मुलं अडतात तिसऱ्या ओळीवर, कारण तिथे दुसरी टाळी शब्दाच्या मध्येच पडते: धुऱ्याव-री तो. ही ओळ आधी सुटी, सावकाश म्हणून घ्या.

पान कुठे उलटता यालाही फार महत्त्व आहे. तिसऱ्या पानावर बगळा बसलेला आणि उजव्या कडेला फक्त उघडलेल्या पंखाचं टोक काढा. "बसला बगळा" म्हणून क्षणभर थांबा, मग पान उलटा. "भुरभुर" मुलंच ओरडतील. छापील पुस्तकात यमकाची जोडी दोन पानांत चुकीची तुटली असेल तर दोन्ही पानं एकदम धरून वाचा.

उत्तर 2 (शैक्षणिक साहित्य बनवणारी, वर्धा):
मोठं पुस्तक नक्की होतं. 22 × 28 इंचाचे तीन कार्डशीट आणा, प्रत्येकाचे मधोमध दोन भाग करा. 14 × 22 ची सहा पानं मिळतात: चार ओळींची चार, वर एक, मागे एक. अक्षर दीड इंच उंच हवं, तरच मागच्या रांगेला दिसतं. ओळ मावत नसेल तर "बंडी निघते" वर आणि "खडखड खडखड" खाली लिहा. शब्द मध्येच तोडू नका. अक्षरांना काळा पर्मनंट मार्करच वापरा, स्केचपेनची शाई पावसाळ्यात पसरते.

भोकं तीन, कडेपासून इंचभर आत, मागून कापडी टेप लावून. सुतळी सैल बांधा, दोन बोटं आत गेली पाहिजेत. घट्ट आवळली तर पान पूर्ण उलटत नाही आणि महिनाभरात भोकापाशी फाटतं. लॅमिनेशन केलं असेल तर दाराचा उजेड पानावर पडून मुलांना नुसता पांढरा डाग दिसतो. दाराकडे तोंड करून पुस्तक धरू नका, वरची कड थोडी पुढे झुकवा. काम झालं की खिळ्याला टांगा, जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलं तर वाळवी लागते.

चित्र साधं हवं, एका पानावर एकच गोष्ट. पानभर झाडं, घरं, ढोरं काढली की नजर भटकते.

उत्तर 3 (मेळघाट, बालशिक्षण):
कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी पहिला, चित्रांचा दिवस सर्वांत मोलाचा आहे. बगळा, चाक, बंडी यांना घरी काय म्हणतात ते त्यांनाच सांगू द्या आणि तो शब्द सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्या. कवितेत मात्र शब्द बदलताना टाळी वाजवून बघा. "बंडी"च्या जागी "बैलगाडी" घातलं की ताल मोडतो, शिवाय आपल्याकडे घरी बंडीच म्हणतात.

पहिल्या उत्तराशी एका बाबतीत माझं जमत नाही. आवाजाची कविता असेल तर मी आधी चित्र न दाखवता, डोळे मिटून ऐकवते. खडखड कशाची असेल ते मुलांना ठरवू द्यावं, चित्र मग दाखवावं. पण घरची भाषा वेगळी असलेल्यांना आधी चित्रच द्या, नाहीतर ती मुलं पहिल्याच दिवशी मागे पडतात.

आणखी पुस्तकं हवी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रपुस्तकं फुकट उतरवता येतात. त्यांत गोष्टीच जास्त. मोठ्याने वाचून, ताल लागतो का बघूनच निवडा.

प्रश्नकर्ती ताई:
तीन वर्षांची आणि सहा वर्षांची मुलं एकत्रच बसतात. दोघांना एकच कविता चालेल?

उत्तर 1:
चालेल, कामं वेगळी द्या. लहानग्यांना फक्त "खडखड", "करकर", "भुरभुर". मोठ्यांना पूर्ण ओळ, आणि एकाला आळीपाळीने ओळीखालून बोट फिरवायला उभं करा. त्याला पुस्तकाच्या बाजूला उभं करा, समोर आला की अक्षरं झाकली जातात.