म्हैस सारखी फुगते: तार की पडद्याचा हर्निया? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुऱ्हा म्हैस, तिसरं वेत, व्यायला दीडेक महिना झाला. गाव कोरेगाव तालुक्यात, जि. सातारा. सुरुवातीला दूध चांगलं होतं. मग तिनं वैरण टाकली आणि डावी भकाळी (बरगड्यांमागचा खोलगट भाग) फुगायला लागली. डॉक्टर नळी घालून गॅस काढतात, औषध पाजतात, दिवसभर बरी राहते, की पुन्हा पोट नगाऱ्यासारखं. रवंथ जवळजवळ बंद. शेण थोडंसं, काळं आणि चिकट. दूध वेळेला दीड लिटरवर आलंय.

ताप नाही. मानेची शीर फुगलेली नाही, पोळीला (गळ्याखालच्या लोंबत्या कातडीला) सूज नाही, म्हणून वैरणीतून तार गिळली असली तरी ती हृदयापर्यंत गेली नसावी असं डॉक्टरांचं मत आहे. मेटल डिटेक्टर छातीखाली वाजला, पण नुसत्या त्यावर भरवसा ठेवू नका असं तेच सांगतात. खिळे-तारा जाळीपोटात (पोटाच्या छातीलगतच्या कप्प्यात) पडून असलेली कितीतरी जनावरं व्यवस्थित खातात-पितात. त्यांना शंका आहे ती डायफ्रॅम हर्नियाची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा फाटून जाळीपोट छातीत शिरल्याची. गाईंपेक्षा म्हशींत हे जास्त आढळतं म्हणे.

घरचे म्हणतात, गोठ्यातच पोट उघडून तार काढून घ्या, एवढ्या अशक्त जनावराला टेम्पोत घालू नका. मला वाटतं, आधी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एक्स-रे काढावा. हर्निया असला तर नुसती तार काढून फुगणं थांबेल का? आणि वाटेतच फुगली तर काय करायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा. घरात वाढवलेली म्हैस आहे, अंदाजावर तिला कापायला मन धजत नाही.

प्रतिसाद (पशुवैद्य, परभणी):
दादा, एक्स-रेचा आग्रह सोडू नका. हर्निया असेल तर नुसती तार काढून फुगणं थांबणार नाही. तरीही कोठीपोट (पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा) उघडणं वाया जात नाही, उलट तीच पहिली पायरी. पोट रिकामं होतं, तार असली तर निघते आणि आतून हात घालून पडद्याचं भोक चाचपता येतं. पडदा शिवायचं काम त्यानंतर एक-दोन दिवसांत करतात. त्यासाठी म्हैस उताणी करावी लागते, फुप्फुसांवर दाब येतो, यंत्रानं श्वास द्यायची सोय लागते. म्हणून हे गोठ्यात नको. दोन्ही टप्पे शिरवळलाच होऊ द्या.

नेताना आदल्या रात्रीपासून वैरण बंद. निघताना नळीनं गॅस काढून घ्या. टेम्पोत पुढचे पाय उंचावर राहतील असं भुसकट भरा, कुशीवर आडवी पडू देऊ नका. नळी घालता येणारा माणूस सोबत हवाच. अडचण आली तर जनावरांसाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर, 1962 वर फोन करा. आणि लोहचुंबक पाजायला कुणी सांगितलं तर इतकंच लक्षात घ्या: तो लोखंड धरून ठेवतो, पडद्याचं भोक बुजवत नाही.

धागाकर्ता:
डॉक्टरसाहेब, फार आभार. घरच्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, आता तेही तयार झालेत. आमचे डॉक्टर सोबत यायला तयार आहेत, परवा पहाटे निघतोय.

अजून एक विचारायचंय. असं ऑपरेशन झालेल्या कुणाच्या म्हशीला त्याच वेतात दूध परत आलं का, की पुढच्या वेतापर्यंत थांबावं लागलं? रेडी लहान आहे. ती दुसऱ्या म्हशीखाली लावून घेत नाही, बाटलीनं पाजतोय. औषधं चालू असताना या म्हशीचं दूध तिला द्यावं की नको?